फ्रान्समध्ये कुटुंबात राहून फ्रेंच शिकणे: तूर की व्हिशी, आणि शाकाहाराचे काय?

प्रश्न

नमस्कार. मी पुण्यात राहते आणि गेली तीन वर्षे नोकरी सांभाळून फ्रेंच शिकते आहे. गेल्या वर्षी डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची बी१ ही मधली पातळी उत्तीर्ण झाले. वाचलेले समजते, पत्र लिहिता येते, पण बोलायची वेळ आली की वाक्य मनात जुळेपर्यंत समोरची व्यक्ती पुढच्या विषयावर गेलेली असते. आता मला तीन महिन्यांची बिनपगारी रजा मिळाली आहे आणि ती फ्रान्समध्ये एखाद्या स्थानिक कुटुंबात राहून, सकाळी भाषाशाळेत जाऊन घालवावी असे मनात आहे. तूर आणि व्हिशी या दोन गावांतील संस्थांची माहिती मी काढली आहे. माझ्या शंका अशा: कुटुंबात राहण्याचा खरोखर किती उपयोग होतो, की स्वतंत्र खोली घेतलेली बरी? मी शाकाहारी आहे, अंडे खाते, मासे खात नाही. घरच्या लोकांना ते अवघड जाईल का? आणि बारा आठवड्यांत बी२ या पुढच्या पातळीची तयारी होऊ शकते का? ज्यांनी हे स्वतः केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पहिला प्रतिसाद

मी तूरमध्ये एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी सात महिने राहिलो, त्यामुळे कुटुंबाविषयी अनुभवाने लिहू शकतो. गावाची निवड मात्र तुम्ही फार मनावर घेऊ नका. लुआर नदीच्या खोऱ्यात एके काळी राजदरबार असे, म्हणून तूरच्या परिसरातील फ्रेंच सर्वांत शुद्ध मानण्याची जुनी समजूत आहे, आणि तिथली भाषासंस्था १९१२ पासून परदेशी विद्यार्थ्यांना शिकवते आहे. व्हिशीची संस्था १९६४ची, तीही नावाजलेली. दोन्ही गावे लहान आहेत, पायी फिरण्याजोगी आहेत आणि पॅरिसपेक्षा स्वस्त आहेत. तुमची भाषा कुठे सुधारेल हे गावावर नव्हे, तर संध्याकाळच्या जेवणाच्या टेबलावर ठरेल.

आमच्या घरी साडेसातला जेवायला बसत असू आणि उठायला नऊ वाजत. आधी सूप, मग मुख्य पदार्थ, मग सॅलड, मग चीज, शेवटी फळ किंवा दही. आणि सर्वांचे संपेपर्यंत कोणी उठायचे नाही. पाव ताटलीत न ठेवता सरळ टेबलावरच्या कापडावर ठेवतात, याचेही पहिल्या दिवशी नवल वाटले होते. एकेक पदार्थ असा निवांत येतो तेव्हा मधल्या वेळात बोलण्यावाचून दुसरे काही नसते, आणि या दीड तासात जे शिकायला मिळते ते वर्गात मिळत नाही. पहिले तीन आठवडे मी जवळजवळ मुका होतो. वर्गात ‘मला माहीत नाही’ याला ‘झ न से पा’ शिकलो होतो, घरात मात्र ‘शे पा’ एवढेच ऐकू येई. नकारातला ‘न’ बोलताना गळूनच पडतो. ‘आम्ही’ म्हणायला पुस्तकातला ‘नू’ क्वचितच कानावर येई, सगळीकडे ‘ऑं’, जवळपास आपल्या ‘आपण’सारखा. हे कानाला सवयीचे झाल्याशिवाय तोंड उघडत नाही, म्हणून सुरुवातीच्या शांततेने खचून जाऊ नका.

मला उपयोगी पडलेली एक सवय सांगतो. शाळेतून घरी येताना मी रोज एक छोटा प्रसंग मनातल्या मनात फ्रेंचमध्ये जुळवत असे (बाजारात काय दिसले, बसमध्ये कोण काय म्हणाले) आणि जेवताना तो सांगत असे. काकूंना मी विनंती केली होती की माझी प्रत्येक चूक दुरुस्त करू नका, या आठवड्यात फक्त भूतकाळाच्या चुका सांगा, पुढच्या आठवड्यात फक्त लिंगाच्या. मराठीत तीन लिंगे असल्याने लिंगाची कल्पना आपल्याला नवी नसते, पण फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी का, याला मराठीत ते नपुंसकलिंगी का, यापेक्षा अधिक उत्तर नाही. ते ऐकून ऐकूनच बसते. आकड्यांची मात्र मला भीती वाटली नाही. सत्तर म्हणजे साठ-दहा आणि ऐंशी म्हणजे चार-विसा हे ऐकले तेव्हा मला विसांनी नारळ मोजणारी आजी आठवली. ती ‘तीन विसा नि दहा’ असेच म्हणायची.

संबोधनाचे अवश्य लक्षात ठेवा. आपल्याकडे अहो-जाहो आणि अरे-तुरे असते तसेच तिथे ‘वू’ आणि ‘त्यू’ आहे. घरच्या मोठ्यांशी ‘वू’नेच सुरुवात करा; त्यांना जवळीक वाटली की ते स्वतःच ‘त्यू’ म्हणायला सांगतात. मला ते दुसऱ्या महिन्यात सांगितले गेले आणि त्या दिवशी मी पुण्यातल्या आईला मुद्दाम फोन करून ते कळवले होते.

दुसरा प्रतिसाद

वरील अनुभव वाचून आनंद झाला, पण दुसरी बाजूही तुम्हाला ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते. मी ज्या घरात राहिले तिथे माझ्याखेरीज आणखी तीन परदेशी विद्यार्थी होते. आम्हा चौघांचे जेवण वेगळ्या वेळी वाढले जाई, घरचे लोक नंतर दूरदर्शनसमोर बसून जेवत, आणि आम्ही चौघे आपापसात इंग्रजी बोलत असू. दोन महिन्यांत मी त्या घरातल्या बाईंशी एकूण जेवढे बोलले असेन तेवढे शेजारच्या पावाच्या दुकानात बोलले. पैसे मात्र पूर्ण गेले, आणि मुख्य म्हणजे पुन्हा न मिळणारा वेळ गेला.

शाळा कुटुंबांना पैसे देते, त्यात गैर काहीच नाही. परंतु काही घरांसाठी तो केवळ खोली भाड्याने देण्याचा व्यवहार असतो. म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी शाळेला लेखी विचारा: घरात एकाच वेळी किती विद्यार्थी असतात, घरचे लोक संध्याकाळी त्यांच्यासोबत जेवतात का, शनिवार-रविवारी जेवण मिळते का, आणि जमले नाही तर घर बदलून मिळते का. ‘दमी-पाँसियाँ’ म्हणजे सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण. दुपारचे तुमचे तुम्ही पाहायचे. याच शाळेत मराठी किंवा हिंदी बोलणारे कोणी भेटले तर मैत्री जरूर करा, पण त्यांच्यासोबत एका घरात राहू नका. घर बदलून मागण्याचा संकोच मी केला, तो तुम्ही करू नका.

तिसरा प्रतिसाद

मी गेली अनेक वर्षे फ्रेंच शिकवते, म्हणून राहिलेल्या शंकांबद्दल थोडक्यात लिहिते.

बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर (फ्रान्ससह युरोपातील अनेक देशांत चालणारा व्हिसा) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, त्यामुळे तुमचा बेत त्यात बसतो. मात्र वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. पुढेमागे मुक्काम वाढवायचा विचार असेल तर तो आधीच ठरवून दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा घ्यावा.

आठवड्याला वीस तास धरले तर २४० तास होतील. बी१ पक्की असेल तर तेवढ्यात बी२ गाठता येते. डेल्फमध्ये ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण असतात; एकूण ५० हवेत आणि प्रत्येक भागात किमान ५. बी२ च्या तोंडी परीक्षेत अर्धा तास तयारी करून आपले मत मांडायचे आणि परीक्षकाने हरकत घेतली की त्याचे समर्थन करायचे असते. जेवणाच्या टेबलावर फ्रेंच माणूस सहजपणे हरकत घेतो, राजकारणावर, चीजवर, रविवारी दुकाने उघडी असावीत का यावर. म्हणून तिथे नुसते ‘हो, बरोबर’ म्हणून गप्प बसू नका.

आहाराबद्दल: ‘मी शाकाहारी आहे’ एवढे पुरत नाही, कारण मासे चालतील असे बरेच जण गृहीत धरतात. मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, हॅमचे (डुकराच्या मांसाचे) तुकडे नाहीत, मांसाच्या पाण्यातले सूप नाही, असे स्पष्ट लिहून कळवा; आणि त्याबरोबर काय चालते तेही लिहा, म्हणजे अंडी, मसूर, दुधातला बटाटा, रातातुई (वांगी-टोमॅटो वगैरेंची मिश्र भाजी). कोंते चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट (दूध घट्ट करणारे द्रव्य) असते. ते तुम्हाला चालते की नाही हे स्वतःशी ठरवून ठेवा.

उच्चारांचे आत्तापासून करा. ‘त्यू’मधला स्वर काढताना जीभ ‘ई’च्या जागी ठेवावी आणि ओठ ‘ऊ’चे करावेत. नाकातल्या स्वरांत मात्र माझे कोकणी बोलणारे विद्यार्थी नेहमी पुढे असतात, कारण ते स्वर त्यांच्या घरच्या भाषेतच आहेत.

प्रश्नकर्तीकडून

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. दोन्ही संस्थांना वरचे प्रश्न आज लिहून पाठवले. कुटुंबासाठी येथून काय न्यावे?

पहिला प्रतिसाद देणाऱ्याकडून

मसाल्याचा डबा न्या, पण पहिल्याच आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघराचा ताबा मागू नका. महिनाभराने एका रविवारी मी काकूंना पिठले-भात करून वाढला. पिठले कसे करतात, हे सांगताना फोडणीला फ्रेंच शब्द सापडेना. तेव्हा तेल, मोहरी, तडतडणे, हिंग असे सगळे समजावत वीस मिनिटे मी न थांबता बोललो. त्या मुक्कामातले माझे ते पहिले सलग बोलणे होते.