मदत हवी आहे: जिभेच्या कॅन्सरचा काढलेला तुकडा टेबलावरच सोनोग्राफीने तपासणे

नमस्कार मंडळी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे कुणी नियमित करतं का? आमच्याकडे फ्रोजन सेक्शन (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून केलेली पॅथॉलॉजी तपासणी) नाही. तुकडा कोल्हापूरला जातो, पावसाळ्यात आंबा घाटात दरड आली की आणखी उशीर. रिपोर्ट हाती येतो तेव्हा जखम कधीच शिवलेली असते.

सध्याची पद्धत: तुकड्याच्या पुढच्या आणि वरच्या कडेला वेगवेगळ्या लांबीचे दोरे बांधायचे, सलाइनच्या वाटीत पूर्ण बुडवायचा, १५ मेगाहर्ट्झचा हॉकी स्टिक (छोटा, वाकड्या टोकाचा) प्रोब न टेकवता वरून फिरवायचा. टेकला की ऊती दबतात आणि अंतर कमी भरतं. गाठ काळसर दिसते, स्नायूत पांढऱ्या रेघा. गाठीच्या सर्वांत खोल टोकापासून कापलेल्या पृष्ठभागापर्यंत मोजायचं.

अडचण खोल कडेचीच. म्युकोसाची, म्हणजे वरच्या अस्तराची, कड डोळ्यांनी, बोटांनी आणि ल्युगोल आयोडीन लावून रंगावरून बघतो (हिरडीवर आयोडीनचा उपयोग नाही, हे आलंच).

कॉटरीने (विजेच्या चटक्याने कापताना) जळलेली कड पांढरी चमकते, त्यात बुडबुडे अडकतात. माप जळक्या थराच्या आत थांबवायचं की बाहेर? सलाइनऐवजी जेल वापरून फरक पडतो का? बायोप्सीनंतरची सूजही गाठीसारखीच काळी दिसते, ती वेगळी कशी काढता?

मुख्य प्रश्न: पॅथॉलॉजीत गाठीपासून कडेपर्यंत ५ मिमी निरोगी ऊती हव्यात, पण कापल्यावर आणि तुकडा टिकवायच्या फॉर्मालिनमध्ये ऊती आकसतात. मग टेबलावर किती मिमीच्या खाली आलं की त्याच जागेचा आणखी काप घेता? ताज्या तुकड्याचं आणि रिपोर्टातलं माप शेजारी मांडलेली नोंद असेल तर पेशंटची ओळख गाळून टाका, प्लीज.