ज्यू कम्युनिटी फाउंडेशनकडे आम्ही अर्ज करू शकतो का?

खिचडीवाली: लॉस एंजेलिसमध्ये आम्ही बेघरांसाठी जेवण पुरवतो. संस्था ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहे, पण आमच्यात ज्यू कोणीच नाही. इथल्या ज्यू कम्युनिटी फाउंडेशनचं नाव कुणीतरी सुचवलं. अर्ज करण्यात अर्थ आहे का, की उगाच कागद काळे करायचे?

हिशेबनीस: मी अशा अर्जांवर बरीच वर्षं डोकं फोडलंय. हे फाउंडेशन १९५४ पासून आहे आणि पैसा दोन वाटांनी बाहेर पडतो. एक, त्यांचं स्वतःचं अनुदान. त्याचे विषय ठरलेले असतात, ते आधी वाचा. दुसरी वाट मोठी, पण दिसत नाही: डोनर-ॲडव्हाइज्ड फंड. देणगीदार पैसे आत टाकतो, करसवलत लगेच घेतो, आणि कोणाला द्यायचे ते नंतर सुचवतो. अंतिम निर्णय कायद्याने फाउंडेशनचाच. इथे अर्ज नसतो, ओळख लागते. तुमच्या स्वयंपाकघरात एखादा देणगीदार तासभर पोळ्या लाटून गेला, तर ते वीस पानी अर्जाहून जास्त कामाचं!

खिचडीवाली: मग त्यांना वार्षिक भोजनाची तिकिटं देऊ?

हिशेबनीस: नको! त्या फंडाच्या पैशातून देणगीदाराला असा मोबदला चालत नाही. त्यापेक्षा फाउंडेशनचा फॉर्म ९९०, म्हणजे वार्षिक करविवरण काढा, तो सार्वजनिक असतो. त्यातल्या शेड्यूल ‘I’ या जोडपत्रात ५,००० डॉलरवरच्या अनुदानांची यादी मिळते. तुमच्यासारख्या किती संस्था आहेत, मोजा.

खिचडीवाली: आज रात्रीच बसते.