मदत हवी आहे: एमसीक्यू-३० प्रश्नावलीमधली 'काळजी' मराठीत कशी विचारावी?

प्रबंधासाठी बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर (बीडीडी: दिसण्यातल्या नसलेल्या किंवा किरकोळ दोषाचा सतत ध्यास) असलेल्यांच्या स्वतःच्या विचारांबद्दलच्या धारणा मोजायच्यात. त्यासाठी एमसीक्यू-३० म्हणजे मेटाकॉग्निशन्स क्वेश्चनेअर घेतलीय (३० विधानं, पाच उपमापनं, १ ते ४ गुण). परवानगी, उलट भाषांतर (मराठीतून परत मूळ भाषेत), एथिक्स कमिटी, सगळं झालंय. आजाराच्या तीव्रतेसाठी बीडीडी-वायबॉक्स ही मापनश्रेणी आहेच, ती सुचवू नका.

अडलंय पहिल्याच विधानावर: काळजीमुळे पुढचे त्रास टळतात, अशा अर्थाचं. पायलट चाचणीत एकीचं उत्तर, "हो ना, रोज सनस्क्रीन लावते." काळजी करणं आणि घेणं यांचा घोळ! 'चिंता' घातलं तर दुसरा म्हणाला, "चिंता कसली, नाक खरंच वाकडंय." त्याचे गुण कमी, आणि आरशासमोर मात्र दोन-दोन तास.

'काळजी'ऐवजी 'दिसण्याबद्दलचे विचार' घातलं तर गुणांची मूळ प्रश्नावलीशी तुलना करता येईल का? की मूळ तशीच ठेवून वेगळी विधानं जोडू?