हलाल सर्टिफिकेट एकदा घेतलं की जगभर का चालत नाही?

गोणपाट:
एक्सपोर्टची कागदपत्रं बघतो, डोकं उठलंय म्हणून इथे विचारतोय. धर्माबद्दल काही म्हणायचं नाहीये, ज्याला जे खायचं ते खाऊदे. पण माल एक, फॅक्टरी एक, रेसिपी एक, आणि तरी मलेशियाला पाठवायचा तर जाकिम म्हणजे तिथल्या सरकारी इस्लामी खात्याच्या यादीतल्या संस्थेचं सर्टिफिकेट, इंडोनेशियाला बीपीजेपीएच ह्या तिथल्या सरकारी हलाल खात्याने मान्य केलेल्या संस्थेचं, आखातात अजून तिसरंच. इस्लामी देशांच्या संघटनेची स्मिक नावाची संस्था 2010 पासून इस्तंबूलमध्ये ह्याच कामाला बसलीय, 2011 ला स्टँडर्ड पण काढलं, मग सगळे तेच का नाही वापरत? माझं मत विचाराल तर हा सरळसरळ टोलनाका आहे.

रसायनी:
टोलनाका म्हणायच्या आधी पाकिटबंद मालाचा विचार करा. जिलेटिन कुठल्या जनावराचं, ई-471 (तेल-पाणी एकजीव ठेवायला घालतात ते) वनस्पती तेलातून आलं का चरबीतून, हे लेबल वाचून बापजन्मात कळणार नाही. इंडोनेशियातलं अजिनोमोटोचं प्रकरण बघा. पावडरीत डुकराचं काही नव्हतं, पण ती बनवायला जे जिवाणू लागतात ते ज्या खाद्यावर वाढवले, ते खाद्य तयार करताना डुकराचं एन्झाइम वापरलेलं!! जानेवारी 2001 मध्ये बाजारातून माल परत घ्यायला लागला. आता हे ऑडिट करणाऱ्याशिवाय कोणाला कळलं असतं, तुम्ही चिमूटभर जिभेवर ठेवून सांगणार होतात का?

गोणपाट:
पूर्ण प्रकरण सांगा ना मग. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद म्हणाले हलाल आहे आणि तिथली उलेमा परिषद म्हणाली हराम. स्वतः वाहिद मोठे धर्मपंडित होते बरं का. एका देशात एकमत नाही आणि आम्ही मात्र कंटेनर अडकला की भाडं भरत बसायचं.

जागरण:
गोणपाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलंत की. एकमत नाही म्हणूनच एक शिक्का नाही. कोडेक्सने, म्हणजे खाद्यपदार्थांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेने, 1997 मध्ये हलाल शब्द कसा वापरावा ह्याच्या गाइडलाइन्स काढल्या, त्यातच कबूल केलंय की वेगवेगळ्या पंथशाखांत थोडेफार मतभेद आहेत आणि शेवटचा अर्थ आयात करणाऱ्या देशाने लावायचा.

सगळ्यात मोठं भांडण कापण्याआधी जनावर बेशुद्ध करण्यावरून. न्यूझीलंडमध्ये मेंढीच्या फक्त डोक्याला विजेचा झटका देतात, तो एवढाच की सुरी फिरवलीच नाही तर ती थोड्या वेळाने उठून उभी राहते, म्हणजे मेली ती सुरीनेच, असा हिशेब. हे काहींना चालतं काहींना बिलकुल नाही. ब्रिटनमध्ये तर दोन संस्था आहेत, एचएफएला झटका चालतो, एचएमसीला नाही चालत, दोन्हीकडचं मांस हलाल म्हणूनच विकलं जातं. आता कोणाचं खरं हे तुमचा आमचा स्मिक कसं ठरवणार? आणि ठरवलं तरी ज्याच्या ताटात पडणार त्याने का ऐकायचं?

कलम_कारकून:
श्रद्धा वगैरे ठीक, पण व्यापाराचं राजकारण पण आहे हो, त्याकडे कानाडोळा नको. फक्त तक्रार करताना नेमकी करा. इंडोनेशियाचा 2014 चा 33 नंबरचा कायदा, 17 ऑक्टोबर 2024 पासून मोठ्या आणि मध्यम कंपन्यांच्या खाण्यापिण्याच्या मालाला सर्टिफिकेट सक्तीचं, छोट्यांना 2026 पर्यंत सूट. लोक ओरडतात की बंदी आली, बंदी आली. अरे हराम मालावर बंदी नाहीये, त्यावर हलाल नाही असं स्पष्ट लिहा आणि विका.

आणि ब्राझीलने चिकनवरून इंडोनेशियाला डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) खेचलं होतं. 2017 च्या निकालात ब्राझील बऱ्याच मुद्द्यांवर जिंकलं, पण हलाल लेबलच्या मुद्द्यावर भेदभाव सिद्ध करता आला नाही. म्हणजे अडवणूक होती, पण ती दुसऱ्याच नियमांत, हलालच्या नावाने बोंब मारून उपयोग नव्हता.

गोणपाट:
चला, बेशुद्धीचा मुद्दा समजला, मांसाला वेगळे शिक्के असूदेत. पण माझा माल बिस्किटात घालायचा व्हॅनिला फ्लेवर आहे राव! त्यात कोणाची मान कापायची आहे?

रसायनी:
फ्लेवर कशात विरघळवलाय? अल्कोहोलमध्ये ना? मग बसा आता. ते अल्कोहोल दारूच्या भट्टीतून आलंय का दुसरीकडून, तयार मालात किती टक्के उरतं, ह्यावर प्रत्येकाची मर्यादा वेगळी.

गोणपाट:
😑 प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये आहे.

रसायनी:
मग दारूचा प्रश्न मिटला, तुमचं रडगाणं थोडं खरं आहे. ग्लिसरीन तर नाही ना टाकलंय त्यात? ते पण चरबीतून आलेलं असू शकतं.

गोणपाट:
...थोडं आहे. सप्लायरला विचारतो कशापासून बनवलंय.