डूम (२०१६): चिरफाड आहे, पण कामाची

भाऊ, तुम्ही म्हणता ‘डूम’ हा राक्षस मारायचा व्हिडिओ गेम म्हणजे नुसती चिरफाड. चिरफाड आहेच, नाकारतो कोण? युरोपात त्याला १८ वर्षांवरचा शिक्का उगाच नाही. पण २०१६ च्या डूममध्ये त्या चिरफाडीला काम दिलंय. जीव आपोआप भरत नाही. अर्धमेला राक्षस चमकायला लागला की जवळ जाऊन हातानं संपवायचा, मग आरोग्य मिळतं. करवतीनं कापला की गोळ्या. म्हणजे जीव खालावला की पळायचं नाही, उलट अंगावर जायचं. आडोशाला दडून नेम धरणाऱ्यांची इथं पार भंबेरी उडते. वर मिक गॉर्डनचं संगीत, ते तर झुंजीसोबत चढतं-उतरतं.

खोट वेगळीच आहे. शेवटाकडे तेच ते: दार बंद, राक्षस आले, मेले, दार उघडलं. मल्टिप्लेअर, म्हणजे दुसऱ्या खेळाडूंसोबत खेळायचा भाग, सोडूनच द्या. हवं तिथं सेव्हही करता येत नाही, फक्त चेकपॉइंट, म्हणजे गेमनं ठरवलेल्या जागीच आपोआप सेव्ह. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात ऐन झुंजीत लाईन गेली की ती अख्खी मारामारी परत! शिवाय जागा ५५ जीबी. मोबाईल डेटावर कुठं उतरतो? मी अमरावतीला भाच्याच्या वायफायवर उतरवून हार्ड डिस्कमध्ये घेऊन आलो.