फॉलोअर मोजून पुस्तक छापायचं का? अमेरिकेतल्या ख्रिस्ती प्रकाशनाचं २०१७ साल

ग्रँडरॅपिड्सकर:

मी लिटररी एजंट आहे. लेखकाचं बाड योग्य प्रकाशकाकडे पोचवायचं, करारातली कलमं वाचायची, रॉयल्टीचे हिशेब तपासायचे आणि लेखकाला मिळेल त्यातले १५ टक्के घ्यायचे, हे माझं काम. जन्म नगरच्या मिशन कंपाउंडमधला, गेली वीस वर्षं मुक्काम मिशिगनमध्ये. ग्रँड रॅपिड्स म्हणजे इथल्या ख्रिस्ती पुस्तकांचा अप्पा बळवंत चौक समजा. डच स्थलांतरितांची मोठी वस्ती असलेल्या या भागात अर्डमन्स, बेकर, क्रेगल अशी जुनी नावं उभी राहिली. झोंडरव्हन तर १९३१ मध्ये दोघा भावांनी शेतावरच्या घरातून सुरू केलं.

या धंद्यात मी पाहिलेलं सगळ्यात वादळी वर्ष २०१७. त्याबद्दल मनात बरंच साचलंय.

जानेवारीत ओक्लाहोमातली टेट पब्लिशिंग बंद पडली. लेखकाकडूनच पैसे घेऊन छापणारी ही ख्रिस्ती संस्था. आपल्याच पुस्तकाच्या फाइली परत हव्या असतील तर ५० डॉलर भरा, असं लेखकांना सांगितलं गेलं. मे महिन्यात मालक बापलेकांना अटक झाली. त्याआधी फेब्रुवारीत फॅमिली ख्रिश्चन या ख्रिस्ती पुस्तकदुकानांच्या साखळीने सगळी दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं. ३६ राज्यांत २४० च्या आसपास दुकानं, तीन हजारांवर नोकरदार. जुलैत यूजीन पीटरसन यांचं प्रकरण झालं, त्यावर खाली बोलूच. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, लाइफवे या दुसऱ्या ख्रिस्ती साखळीनेही आपली १७० दुकानं बंद करायचं ठरवलं.

सगळे म्हणतात, अ‍ॅमेझॉनने मारलं. मला ते अर्धंच पटतं. माझ्या मते आमच्या धंद्याने त्याच्या कितीतरी आधी बाड वाचणं सोडलं होतं आणि लेखकामागची माणसं मोजायला घेतली होती.

आमच्या घराजवळचं दुकान बंद होत होतं तेव्हा मी शेवटच्या आठवड्यात गेले होते. बायबलं संपली होती. उरले होते कॉफीचे मग, फोटोफ्रेमा आणि वचनं छापलेल्या उशा. तिथे काम करणाऱ्या एक बाई आवडलेल्या पुस्तकाखाली स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहून चिठ्ठी लावायच्या. 'नवरा गेला त्या वर्षी मी हे वाचलं', अशी एक चिठ्ठी रिकाम्या फळीवर तशीच राहिली होती. पुस्तक विकलं गेलेलं, चिठ्ठी तिथेच. माझ्या किती तरी अनोळखी लेखकांना वाचक मिळाले ते अशा चिठ्ठ्यांमुळे.

आता दुसरं चित्र. एका प्रकाशकाच्या निवड बैठकीची तक्ता-फाइल चुकून मला ईमेलने आली. पहिला रकाना लेखकाचं नाव, दुसरा फॉलोअर, तिसरा ईमेल यादी, चौथा वर्षभरातली व्याख्यानं. पुस्तक कशाबद्दल आहे ते सातव्या रकान्यात. माझ्या लेखिकेच्या सातव्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या रकान्यात २१४ हा आकडा होता, तिथेच विषय संपला असणार. ही बाई मरणासन्न रुग्णांच्या सेवाघरात परिचारिका होती. शेवटच्या रात्री माणसं कोणती स्तोत्रं मागतात, कोणती मध्येच थांबवायला सांगतात, यावर तिने लिहिलं होतं. अकरा प्रकाशकांनी नकार दिला. नऊ पत्रांत 'सुंदर लेखन' हे शब्द होते.

आकड्यांवर विसंबून काय होतं तेही आम्ही पाहिलंय. सिएटलच्या मार्स हिल चर्चने आपल्या पाळकाचं पुस्तक बेस्टसेलर यादीत चढवण्यासाठी एका कंपनीला दोन लाख डॉलरच्या वर मोजले, हे २०१४ मध्ये उघड झालं. वर्ष संपता संपता ती मंडळी, म्हणजे ते चर्चच, विसर्जित झालं. म्हणून विचारते, फॉलोअर मोजून पुस्तक छापायचं का?

मार्केटिंगवाला_डॅलस:

ताई, कळकळ पोचली, पण तुम्ही प्रकाशकाला फार सहज आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत. मी ख्रिस्ती प्रकाशनाच्या मार्केटिंगमध्ये बारा वर्षं काढलीत. दुकानातल्या त्या बाई चिठ्ठी लावायच्या, म्हणजेच पुस्तक वाचकापर्यंत न्यायचं काम त्या करायच्या. दुकान गेलं, चिठ्ठी गेली. मग ते काम करणार कोण? लेखकाला आगाऊ रक्कम द्यायची, संपादन, मुखपृष्ठ, छपाई, गोदाम, आणि न खपलेला माल परत घ्यायचा, हे सगळं प्रकाशकाच्या डोक्यावर. २१४ माणसं ओळखतात त्या बाईंचं पुस्तक छापून गोदामात कुजलं, तर पुढच्या तीन नव्या लेखकांचे पैसे त्यात गेले. रकाने त्या भीतीतून आलेत. तुम्ही कारण आणि परिणाम उलटे लावताय.

ग्रँडरॅपिड्सकर:

दादा, भीती मान्य. पण क्रम मी उलटा लावलेला नाही. हे रकाने मला पहिल्यांदा भेटले ते २००९-१० च्या सुमारास, दुकानं चालू असताना. तेव्हा चिठ्ठ्याही होत्या, बायाही होत्या.

हिशेबनीस:

दुकानं का बुडाली यावर थोडं बोलू द्या, कारण दोघांच्याही बोलण्यात ते निसटतंय. फॅमिली ख्रिश्चन २०१७ मध्ये अचानक पडलं नाही. फेब्रुवारी २०१५ मध्येच त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्याआधी, २०१२ मध्ये, अटलांटातल्या ख्रिस्ती उद्योजकांनी ती साखळी विकत घेतली आणि सगळा नफा धर्मादाय कामाला देऊ असं जाहीर केलं. हेतू चांगला, पण वाटायला नफाच नव्हता.

खरा घाव प्रकाशकांवर बसला. बराचसा माल दुकानांत 'विकला गेला की पैसे' या बोलीवर ठेवलेला होता. म्हणजे फळीवरचं पुस्तक विकेपर्यंत प्रकाशकाच्या मालकीचं. दिवाळखोरीच्या वेळी दुकानाने तोही माल विकायला काढायचं म्हटल्यावर प्रकाशक कोर्टात गेले. फेरउभारणीत जुनी देणी बुडाली ती बुडालीच, आणि तरीही त्याच प्रकाशकांनी साखळी जगावी म्हणून पुन्हा माल दिला. दोन वर्षांत ती पुन्हा पडली. असा फटका दोनदा खाल्लेला माणूस नव्या लेखकावर पैसे लावताना हात आखडता घेणारच. यात अ‍ॅमेझॉनही थोडं आहे आणि फॉलोअरही थोडे. मोठा भाग उधारीचा आहे.

ग्रँडरॅपिड्सकर:

हे फार नेमकं मांडलंत. एजंटच्या बाजूने एक भर घालते. झोंडरव्हन १९८८ मध्ये हार्पर अँड रो, म्हणजे पुढच्या हार्परकॉलिन्सने घेतलं, थॉमस नेल्सन २०१२ मध्ये हार्परकॉलिन्सने. पूर्वी एकाच बाडासाठी दोन मोठे प्रकाशक चढाओढ करायचे, आता दोन्ही दारांमागे मालक एकच. एजंटच्या हातात खरं बळ असतं ते दुसऱ्या दाराचं. ते गेलं.

पाळकाचा_मुलगा:

पीटरसन यांचं नाव घेऊन तुम्ही पुढे गेलात, पण मला तो मुद्दा महत्त्वाचा वाटतो आणि तिथे मी तुमच्या विरुद्ध आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यूजीन पीटरसन हे निवृत्त प्रेस्बिटेरियन पाळक. 'द मेसेज' हा त्यांनी बोलीभाषेत केलेला बायबलचा अनुवाद घराघरांत वाचला जातो. १२ जुलै २०१७ ला त्यांची मुलाखत आली, त्यात समलिंगी जोडप्याचं लग्न लावाल का या प्रश्नाला त्यांनी हो म्हटलं. तसं असेल तर त्यांची पुस्तकं विकणं बंद करू, असं लाइफवेने सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शब्द मागे घेतले.

लोक लाइफवेला नावं ठेवतात. पण लाइफवे सदर्न बॅप्टिस्ट या पुराणमतवादी पंथाच्या मंडळ्यांची संस्था आहे. तिच्यामागे मंडळ्यांचा विश्वास आहे. आमच्या शिकवणीविरुद्धचं पुस्तक आमच्या दुकानात नको म्हणण्याचा हक्क त्यांना नसेल तर कोणाला असेल? माझे वडील चाळीस वर्षं पाळक होते. मंडळीतली माणसं त्या दुकानात डोळे मिटून पुस्तक उचलायची, कारण आत काय असेल याची खात्री होती. ही खात्री देणं हीसुद्धा सेवाच आहे.

ग्रँडरॅपिड्सकर:

हक्क आहे, त्यावर माझा वाद नाही. तुमच्या वडिलांच्या मंडळीला लागणारी खात्रीही मी समजू शकते, मी तशाच घरात वाढले. माझी तक्रार वेगळी आहे. दुकानाचा नकार पुस्तक तयार झाल्यावर येतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो लेखकाच्या टेबलापर्यंत आधीच पोचलेला असतो. माझ्या एका कादंबरीकाराच्या गोष्टीत पाळकाची बायको मुलीच्या लग्नात वाइनचा पेला उचलते. संपादकाने समासात लिहिलं, 'दुकान घेणार नाही, सरबत करा.' काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला ही गोष्ट मी शब्बाथशाळेत शिकलेय, आणि इथे आम्ही द्राक्षारसाचं सरबत केलं. लेखकाने तेव्हा मुकाट्याने बदललं. पुढच्या पुस्तकात त्याने ते लग्नच लिहिलं नाही.

पीटरसन तेव्हा ८४ वर्षांचे होते. त्या दोन दिवसांत एका म्हाताऱ्या माणसाचं मत काय होतं आणि त्यात धाक किती होता, हे कोणीच सांगू शकत नाही. मला त्याचंच वाईट वाटतं.

पाळकाचा_मुलगा:

सरबताचं पटलं. पीटरसन यांच्याबद्दल मात्र तुम्ही धाकाचा तर्क करताय. माणूस रात्रभर प्रार्थना करूनही मत बदलू शकतो. त्यांनी मागे घेतलं, तर त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवू या.

वसईचा_वाचक:

आमच्याकडून थोडं वेगळं. 'ख्रिस्ती पुस्तकांचं दुकान' ही कल्पनाच मराठीत फारशी रुजली नाही, आणि ते आपलं भाग्य असं मला वाटतं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' कोणी ख्रिस्ती फळीवर ठेवत नाही. सोवळ्यातल्या आजीनेही ती वाचली आणि डोळे पुसले. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' राजहंसने काढलं. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. पुढे फादर उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विरोध झाला, धमक्याही आल्या, पण तो सगळा वाद मराठी साहित्याच्या अंगणात झाला, वेगळ्या कुंपणात नाही.

अमेरिकेत त्यांनी स्वतःचं कुंपण घातलं: स्वतःची दुकानं, स्वतःच्या याद्या, स्वतःचे पुरस्कार. कुंपण मोडलं तेव्हा आतल्या लेखकाला बाहेर ओळखणारं कोणीच नव्हतं.

नगरची_लेक:

वसईच्या दादा, अर्धी गोष्ट सांगितलीत. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ पासून निघतंय, ते मिशनच्या पैशावर उभं राहिलं. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची. विधवांचं दुःख मांडणारी ती कादंबरी तेव्हा पुण्यातल्या कुठल्या प्रकाशकाने काढली असती? कुंपण होतं म्हणून ते रोप जगलं. आज ग्रामीण भागातल्या ख्रिस्ती कवीचा संग्रह मोठा प्रकाशक काढत नाही. त्याला मंडळीची वर्गणीच लागते. माझ्या वडिलांचं गीतांचं पुस्तक असंच निघालं, तीनशे प्रती, नाताळच्या उपासनेनंतर टेबल मांडून विकल्या. मला कुंपण हवंय. फक्त त्याला फाटक असावं.

पैसे_गेलेली:

मी आतापर्यंत नुसतं वाचत होते. टेटचा उल्लेख आला म्हणून लिहिते. माझं प्रकरण दुसऱ्या एका संस्थेचं, नाव घेत नाही. आईच्या आजारपणावर लिहिलं होतं. फोनवरच्या बाईने आधी माझ्यासोबत प्रार्थना केली आणि मग पॅकेज सांगितलं. प्रार्थना झाल्यावर भाव करायला जीभ उचलत नाही. साडेतीन हजार डॉलर दिले. पन्नास प्रती आल्या, त्यात आईचं नाव दोन ठिकाणी चुकलेलं. एजंट ताई, तुमच्या अकरा नकारांनी त्या परिचारिकेचे निदान पैसे तरी घेतले नाहीत.

ग्रँडरॅपिड्सकर:

तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आईच्या नावाचं वाचून खूप वाईट वाटलं. नकार मिळालेले लेखक तिथेच जातात, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. दार बंद केलं की माणूस घरी जात नाही, शेजारच्या दारात जातो. विश्वासार्ह एजंट किंवा प्रकाशक सहसा बाड वाचायचे पैसे मागत नाही, हे इथे ठळक राहू दे.

मार्केटिंगवाला_डॅलस:

ताई, सगळं वाचूनही माझा प्रश्न तसाच आहे. त्या परिचारिकेच्या पुस्तकाचं पुढे काय झालं? छापलं का कोणी? किती गेलं?

ग्रँडरॅपिड्सकर:

छापलं. ख्रिस्ती पुस्तकांची वेगळी यादी नसलेल्या एका लहान प्रकाशकाने. तीन वर्षांत बाराशेच्या आसपास प्रती गेल्या. बऱ्याचशा रुग्णालयांत नेमलेल्या पाळकांनी, म्हणजे चॅप्लिननी, दहा-दहा, वीस-वीस अशा मागवल्या. रात्रपाळीच्या खोलीत ठेवायला.

मार्केटिंगवाला_डॅलस:

बाराशे प्रतींवर तुमचं ऑफिस चालेल?

ग्रँडरॅपिड्सकर:

नाही चालत. त्या पुस्तकातून मला मिळालेल्या पैशात एका महिन्याचं भाडंही निघालं नसतं. माझं ऑफिस चालतं ते दुसऱ्या रकान्यात मोठे आकडे असलेल्या तीन लेखकांवर, आणि त्यांची पुस्तकं मी पूर्ण मनाने विकते. पण निवड बैठकीला फाइल जाते तेव्हा आता मी सोबतच्या पत्रात सातव्या रकान्यातला मजकूर पहिल्या ओळीत लिहून पाठवते. गेल्या वर्षी दोन संपादकांनी त्यावरून फोन करून पूर्ण बाड मागवलं. त्यातल्या एकाने ते परत पाठवलं. दुसरं अजून त्यांच्याकडे आहे.