मदत हवी आहे: अस्टा नील्सनचे मूकपट, कुठली प्रत धरायची?

शेवटचा_खेळ (धागाकर्ता)

फिल्म सोसायटीत डॅनिश मूकपटांची तारका अस्टा नील्सन हिच्यावर दीड तासाचा कार्यक्रम करायचा आहे. अर्धा तास बोलणं, तासभर चित्रफिती. अडलंय ते असं:

'जॉयलेस स्ट्रीट'ची नेटवर मिळालेली प्रत सव्वा तासाची आहे. तीत अस्टाबाई जेमतेम दिसतात, बाकी सगळीकडे ग्रेटा गार्बो. मग एवढा गवगवा कशाचा? 'आफग्रुन्डेन'मध्ये माणसं तुरुतुरु पळतात, प्रेक्षक हसतील. आणि प्रत्येक यादीत नावं वेगळी, सालं वेगळी. सत्तरेक चित्रपटांतून नेमके कुठले घेऊ?

रीळमास्तर

आधी गार्बोचं प्रकरण मिटवू. तुमच्याकडची प्रत कापलेली आहे. दिग्दर्शक पाब्स्टचा हा १९२५चा जर्मन चित्रपट, मूळ नाव 'डी फ्रॉइडलोजे गासे'. महागाईने पिचलेल्या व्हिएन्नातल्या एका गल्लीत दोन मुलींच्या कथा समांतर चालतात: गार्बोची ग्रेटा आणि अस्टाची मारिया. देशोदेशीच्या सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली, आणि पुढे गार्बो हॉलीवूडमध्ये गाजल्यावर तिचाच भाग ठेवून विकणं वितरकांना सोयीचं झालं. मारियाच्या कथेत खून आहे. तो काढला की तिच्या वागण्याला कारणच उरत नाही, मग ती नुसती डोळे मोठे करून बसलेली दिसते. म्युनिकच्या फिल्म म्युझियमने जुळवलेली आवृत्ती सुमारे अडीच तासांची आहे. तेवढी लांबी नसेल तर त्या प्रतीवरून अस्टाबद्दल एक वाक्यही लिहू नका.

आता वेग. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटी (फ्रेम). तीच फिल्म २४ ने चालवली की माणसं पळतात. हिशोब सोपा आहे. ३५ मिमीच्या एका फुटात १६ चौकटी, म्हणजे हजार फुटांच्या रिळात १६,०००. १६ च्या वेगाने ते रीळ १६ मिनिटं ४० सेकंद चालतं, २४ ने ११ मिनिटं ७ सेकंद. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.७५ केला की २४ चे १८ होतात, ०.६७ ला १६.

पण आंधळेपणाने कमी करू नका. काही प्रतींत चौकटी दुहेरी करून वेग आधीच सुधारलेला असतो, तो आणखी उतरवला की सगळे पाण्यात चालल्यासारखे दिसतात. चित्र थांबवा आणि 'ई'ची कळ दाबत एकेक चौकट पुढे न्या. दर चारांत एक चौकट जशीच्या तशी पुन्हा येत असेल तर १८ चे २४ केलेत. दर तिनांत एक येत असेल तर १६ चे. अशा प्रतीला हात लावायचा नाही.

काळी_पांढरी

रीळमास्तरांशी सहमत. आणखी एक दुरुस्ती: 'डॅनिश मूकपटांची तारका' ही ओळख बदला. बाई कोपनहेगनच्या, जन्म १८८१, पण त्यांच्या सत्तरेक चित्रपटांत डेन्मार्कमधले फक्त चार: 'आफग्रुन्डेन' (१९१०), 'डेन सोर्टे ड्रोम' आणि 'बॅलेटडान्सरिंडेन' (दोन्ही १९११), 'मोड लुसेट' (१९१९). बाकी कारकीर्द जर्मनीत. चारही डॅनिश चित्रपट डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूटने डीव्हीडीवर एकत्र काढलेत, शिवाय त्यांच्याच 'स्टुमफिल्म डॉट डीके' या संकेतस्थळावर जुने डॅनिश मूकपट फुकट बघता येतात. यूट्यूबवरची पाचव्या हाताची प्रत कशाला?

नावांचा घोळ टाळायचा तर मूळ नाव धरा, कंसात साल. 'आफग्रुन्डेन' म्हणजेच जर्मन 'आबग्रुंडे', इंग्रजी 'द अ‍ॅबिस', आणि अमेरिकेत 'वुमन ऑल्वेज पेज'. चित्रपट एकच.

निवडीचं म्हणाल तर 'आफग्रुन्डेन' अख्खा दाखवा, सदतीस-अडतीस मिनिटांचाच आहे. कोपनहेगनच्या कोस्मोरामा थिएटरचे चालक यालमार डेव्हिडसेन यांनी ८,००० क्रोनर दिले आणि १२ सप्टेंबर १९१० ला तिथेच तो लागला. दिग्दर्शक उर्बान गाड, पुढे १९१२ मध्ये अस्टाचा नवरा. पियानो शिकवणारी माग्दा पाद्र्याच्या मुलाला सोडून सर्कसवाल्याबरोबर जाते, एवढीच गोष्ट. तो प्रसिद्ध नाच लावाल तेव्हा कॅमेरा कुठे आहे ते प्रेक्षकांना आधी सांगा: थिएटरातल्या खुर्चीच्या जागी नाही, रंगमंचाच्या बाजूला, विंगेत. माग्दा त्या सर्कसवाल्या रुडॉल्फला दोराने बांधते आणि त्याच्याभोवती अंग घासत नाचते. तो हलू शकत नाही. शेवट मात्र याच्या अगदी उलट. खून झालाय, पोलीस तिला नेताहेत, आणि तिचा चेहरा कोरा. १९१० साली बहुतेक नट हातवारे करून रडत होते, हे लक्षात ठेवून तो चेहरा बघायचा.

उरली बावीस मिनिटं. पाच 'एंगेलाइन'ला (१९१४): बत्तीस वर्षांची बाई सतरा वर्षांच्या मुलीचं काम करते, आणि ती मुलगी बारा वर्षांची असल्याचं सोंग करते. विनोदात तिची पकड किती होती ते इथे कळतं, नाहीतर लोक तिला रडकी समजून घरी जातात. दहा 'हॅम्लेट'ला. सात 'डिर्नेनट्रागोडी'ला (१९२७), तरुण विद्यार्थ्यात जीव गुंतवणारी उतारवयातली वेश्या. लुबिचचा 'राउश' (१९१९) शोधत बसू नका, तो हरवलेला आहे.

विंगेतून

'हॅम्लेट'वर थोडं. कुठे १९२०, कुठे १९२१ लिहिलेलं दिसेल. काम १९२० चं, बर्लिनमध्ये लागला फेब्रुवारी १९२१ मध्ये. प्रदर्शनाचं साल धरा. अस्टाने स्वतःची कंपनी काढून केलेला चित्रपट आहे, दिग्दर्शक स्वेन्ड गाडे आणि हाइन्त्स शाल. (हे गाडे वेगळे, नवरा गाड वेगळा. इथे बरेच जण घसरतात.)

'बाई पुरुषाची भूमिका करते' असं ओळख करून देताना म्हणू नका, अख्खा चित्रपट त्यावरच उभा आहे. व्हायनिंग नावाच्या अमेरिकन लेखकाने १८८१ मध्ये मांडलं होतं की हॅम्लेट मुळात स्त्रीच. चित्रपटात राजा लढाईत पडल्याची बातमी येते, गादी जाऊ नये म्हणून राणी मुलगा झाल्याचं जाहीर करते. राजा जिवंत परततो, पण थाप मागे घेता येत नाही. मुलगी राजपुत्र म्हणूनच वाढते आणि मित्र होरेशिओवर जीव जडवते. दहा मिनिटांतली शेवटची तीन मृत्यूच्या प्रसंगासाठी राखा, होरेशिओच्या हाताला तिच्या छातीवर सत्य कळतं तो. प्रत रंगीत छटांची, जर्मन आवृत्तीवरून दुरुस्त केलेली घ्या. जुन्या काळ्या-पांढऱ्या प्रती फार मार खाल्लेल्या आहेत.

अवांतर: १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'त तारामती अण्णा साळुंके. तिकडे सोंगाचा प्रश्न उलट्या बाजूने सुटला होता. आणि सोसायटीत नाटकवाले असतील तर आगरकरांच्या 'विकारविलसित'चा ('हॅम्लेट'चं मराठी रूप, १८८३) उल्लेख टाकाच.

शेवटचा_खेळ

सगळ्यांचे आभार. 'ई' दाबून पाहिलं: माझ्या 'आफग्रुन्डेन'मध्ये एकही चौकट दुहेरी नाही. ०.७५ वर ट्रामजवळचा प्रसंग ठीक वाटतो. बोलण्याच्या अर्ध्या तासात काय घेऊ? आणि पार्श्वसंगीत?

रीळमास्तर

बोलण्यात धंद्याची बाजू घ्या, ती कुणी सांगत नाही. 'आफग्रुन्डेन' जर्मनीत 'मोनोपोल' पद्धतीने गेला: गावातल्या एकाच थिएटरला पहिल्या खेळांचा हक्क, त्याचं भाडं जास्त. त्याआधी फिल्म मीटरवर विकली जायची, कुणीही घ्यावी, कुणीही लावावी. १९११ पासून जर्मन निर्माता पाउल डेव्हिडसनने (कोस्मोरामावाले डेव्हिडसेन वेगळे) 'अस्टा नील्सन मालिका' थिएटरवाल्यांना हंगामाआधीच विकली. चित्रपट अजून बनायचे होते, विकलं गेलं ते नाव. शेवट १९३२ च्या 'उनम्योग्लिखे लीबे'ला आणा, तिचा एकमेव बोलपट.

संगीत बंद करा. वेग बदललात की ते तसंही बेसूर होणार. शिवाय चित्रपट शंभर वर्षांचा असला तरी त्यावरचं संगीत हल्लीचं असतं, त्याचा हक्क वेगळा. पेटी किंवा पियानो वाजवणारं कुणी असेल तर बसवा, पण नाचाच्या वेळी वाजवू नका म्हणावं.